अंगठा चालतो, बोटं गातात

मिसिसिपी राज्याच्या वायव्येला जो सपाट प्रदेश आहे, त्याला सगळे ‘डेल्टा’ म्हणतात. भूगोलाच्या पुस्तकातला नदीमुखाचा त्रिभुज प्रदेश तो हा नव्हे. तो पार दक्षिणेला, समुद्राजवळ. हे मिसिसिपी आणि याझू या दोन नद्यांमधलं पूरमैदान. गाळाची काळी जमीन, तीवर कापसाचे अफाट मळे. त्या मळ्यांवर राबणाऱ्या काळ्या मजुरांमधून चार्ली पॅटन, सन हाउस, मडी वॉटर्स अशी ब्लूजमधली बडी नावं निघाली. हा डेल्टा पूर्वेकडे जिथं संपतो तिथं एकदम टेकड्या लागतात. त्यांच्या पायथ्याशी, ग्रीनवुड आणि ग्रेनाडा या दोन गावांच्या मधे, कॅरल काउंटीत ॲव्हलॉन नावाची वस्ती आहे. दुकान, चर्च आणि विखुरलेली घरं, बस. जॉन स्मिथ हर्ट जन्मला तिथून जवळच टीऑकमध्ये, पण वाढला, राबला, म्हातारा झाला तो ॲव्हलॉनमध्ये. त्याचं जन्मसाल कुणी 1892 सांगतं, कुणी 1893.

ब्लूजच्या गायकांबद्दल ज्या दंतकथा सांगितल्या जातात त्यांतली एकही हर्टला चिकटत नाही. मध्यरात्री चौरस्त्यावर सैतानाला आत्मा विकून गिटार शिकणं नाही, बाईवरून झालेला खून नाही, पार्चमनचा तुरुंग नाही, रेल्वेच्या डब्यातून गावोगाव भटकणं नाही. लहान चणीचा, मवाळ बोलण्याचा, डोक्यावर फेल्टची टोपी घालणारा हा माणूस दिवसा दुसऱ्याच्या शेतात कापूस वेची आणि शनिवारी रात्री कुणाच्या तरी घरी लोकांना नाचवी. त्याची आणि ध्वनिमुद्रणाच्या धंद्याची गाठ आयुष्यात दोनदा पडली: एकदा 1928 मध्ये, आणि मग थेट 1963 मध्ये. चरित्रकार साहजिकच या दोन गाठींभोवती घुटमळतात. मला मधली 35 वर्षंही त्याच्या कारकिर्दीतच धरावीशी वाटतात. का, ते पुढे येईलच.

आधी हात पाहू. हर्टचं वादन समजून घ्यायला संगीताचं फार ज्ञान लागत नाही. उजव्या हाताची अनामिका आणि करंगळी गिटारच्या लाकडावर टेकलेली. अंगठा खर्जाच्या जाड तारांवर आळीपाळीनं पडतो, खालची तार, वरची तार, पुन्हा खालची, पुन्हा वरची, आणि गाणं संपेपर्यंत हा ठेका मोडत नाही. उरलेल्या दोन बोटांनी, तर्जनी आणि मध्यमेनं, बारीक तारांवर गाण्याची चाल. गंमत अशी की ही चाल मात्रेवर सरळ पडत नाही. थोडी आधी येते, नाहीतर दोन मात्रांच्या मधल्या फटीत शिरते. जात्याचा खुंटा एका लयीत फिरत असतो आणि त्याच बाईच्या तोंडची ओवी आपल्या मर्जीनं लांबत-आखडत जाते, तसं हे. नवशिक्याचा अंगठा हमखास चालीच्या मागं ओढला जातो. हर्टचा जात नाही. त्यामुळे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला दोन गिटारी वाजताहेत असं वाटतं.

वर गाणं. आवाज जवळ बसून गोष्ट सांगावी तसा, न ओरडता. कधी ओळीचा शेवटचा शब्द तो गातच नाही. तो सूर गिटारवर सोडतो आणि ऐकणारा मनातल्या मनात शब्द भरून घेतो. या युक्तीचं मला फार कौतुक वाटतं. ती सुचायला गाण्यापेक्षा गिटारवर जास्त विश्वास असावा लागतो.

हे सगळं तो आपलं आपणच शिकला. त्याच्या घरी शाळेच्या शिक्षिकेची राहायची सोय केलेली होती, तिला भेटायला विल्यम कार्सन नावाचा एकजण यायचा आणि त्याच्याजवळ गिटार असायची. नऊएक वर्षांचा जॉन रात्री सगळे झोपल्यावर ती हळूच उचलून वाजवून बघे. आई मेरी जेनच्या ते लक्षात आलं आणि तिनं त्याला दीड डॉलरची एक जुनी गिटार घेऊन दिली. चौथीनंतर शाळा सुटली, गिटार राहिली. पुढं कुणी विचारलं तर तो इतकंच सांगे, की गाणं जसं वाजायला हवं असं मला वाटतं तसं मी वाजवतो.

आता ब्लूज म्हणजे काय याचं थोडं. रूढ साच्यातलं ब्लूजचं कडवं 12 मापांचं असतं. पहिली ओळ, तीच ओळ पुन्हा, आणि मग तिला उत्तर देणारी तिसरी. स्वरांत एक खास हेलकावा असतो: गंधार पूर्ण शुद्धही नाही, पूर्ण कोमलही नाही, त्या दोघांच्या मधे कुठंतरी घासत लावलेला, निषादाचंही तसंच. गिटारवर पडद्यांमुळे हे मधले सूर थेट मिळत नाहीत, म्हणून वादक तार ओढतात किंवा बाटलीचं तोंड कापून बोटात घालतात आणि ते तारेवरून घसरवतात. सन हाउस हेच करी, आणि त्याचं ऐकताना अंगावर काटा येतो.

हर्टकडे यातलं फारच थोडं आहे. त्याच्या गाण्यांतली कितीतरी या 12 मापांच्या साच्यात बसतच नाहीत. त्याच्याकडे पोवाड्यासारखी लांबलचक कथागीतं आहेत, रॅगटाइमच्या चाली आहेत, चर्चमधली भजनं आहेत, नाचाचे तुकडे आहेत. लोकगीतांचे अभ्यासक अशा गवयाला ‘सॉन्गस्टर’ म्हणतात. ब्लूज लोकप्रिय होण्याच्या आधीपासून दक्षिणेत असे गवई होते आणि ज्याच्या घरी नाच असेल त्याला हवं ते वाजवणं हे त्यांचं काम होतं. तेव्हा ‘ब्लूज गायक’ ही पाटी हर्टच्या गळ्यात कुणी अडकवली, हा प्रश्न उरतो. ती अडकवली रेकॉर्ड कंपनीनं.

1920 मध्ये ‘ओके’ नावाच्या कंपनीनं मेमी स्मिथ या काळ्या गायिकेचं ‘क्रेझी ब्लूज’ बाजारात आणलं आणि ते धडाक्यात खपलं. काळी माणसं पैसे देऊन रेकॉर्डी घेतात हे कंपन्यांना तेव्हा उमगलं. मग त्यांनी याद्या वेगळ्या केल्या. काळ्यांसाठी काळ्यांनी गायलेल्या रेकॉर्डी ‘रेस रेकॉर्ड’ म्हणून एका मालिकेत, आणि खेड्यातल्या गोऱ्यांनी गायलेल्या ‘जुन्या वळणाच्या’ म्हणून दुसऱ्या. ओकेची पहिली मालिका 8000 पासून सुरू होई, दुसरी 45000 पासून. पुढं ज्यांना ब्लूज आणि कंट्री म्हणायला लागले त्या दोन संगीतप्रकारांमधली भिंत ही अशी, विक्रीखात्याच्या सोयीनं चढली.

प्रत्यक्षात ॲव्हलॉनमध्ये काय होतं ते पाहा. विली नार्मर हा गोरा शेतकरी तिथं फिडल वाजवी. त्याचा नेहमीचा जोडीदार शेल स्मिथ नसला की नार्मर हर्टला गिटार घेऊन साथीला बोलावी. वांशिक कायद्यांनी पिचलेल्या त्या मिसिसिपीत, जिथं काळ्या माणसानं गोऱ्याच्या पंगतीला बसणं अशक्य, तिथं नाचाच्या रात्री एक गोरा आणि एक काळा शेजारी बसून एकच चाल वाजवत. याला समता म्हणण्याची चूक कुणी करू नये; साथीदार कमी पडला म्हणून शेजाऱ्याला हाक मारली, एवढंच. पण संगीत मात्र दोघांचं एकच होतं.

या नार्मरनं फिडलची एक स्पर्धा जिंकली आणि ओकेसाठी ध्वनिमुद्रणाची संधी मिळवली. कंपनीचा माणूस टॉमी रॉकवेल इकडं आला तेव्हा त्यानं विचारलं, आणखी कोणी चांगला वाजवणारा आहे का? नार्मरनं हर्टचं नाव सांगितलं. रॉकवेलनं हर्टच्या घरी जाऊन ऐकलं आणि त्याला मेम्फिसला बोलावलं. पुढं नार्मर आणि स्मिथ यांच्या तबकड्या 45000 च्या मालिकेत निघाल्या आणि हर्टच्या 8000 च्या. गाव एक, दुकान एक, आणि कॅटलॉगात मात्र दोघे दोन जगांत. हर्टच्या नावामागं ‘मिसिसिपी’ हा शब्दही कंपनीनंच लावला, खप वाढावा म्हणून. गावात त्याला जॉनच म्हणत.

14 फेब्रुवारी 1928 ला मेम्फिसमध्ये त्यानं आठ गाणी मुद्रित केली. त्याच्या आठवणीप्रमाणे भला मोठा हॉल, आत तो, रॉकवेल आणि एक यंत्र सांभाळणारा. मायक्रोफोन अगदी तोंडाशी आणून ठेवलेला, आणि हलायचं नाही अशी ताकीद. मान इतकी अवघडली की नंतर कितीतरी दिवस दुखत राहिली. या मायक्रोफोनचं महत्त्व मात्र मोठं. 1925 पर्यंत कर्ण्यात तोंड घालून, छाती फोडून गावं लागे. हर्टसारख्या हळू गळ्याच्या माणसाचं त्या यंत्रावर काहीच उमटलं नसतं. विद्युत ध्वनिमुद्रण येऊन तीन वर्षं झाली नसती तर हे प्रकरण लिहायचं कारणच नव्हतं.

आठांपैकी दोनच गाणी बाजारात आली, एका तबकडीच्या दोन बाजूंवर. पैकी ‘फ्रँकी’ हे कथागीत बऱ्यापैकी खपलं. ते खऱ्या घटनेवरचं आहे. 1899 मध्ये सेंट लुइसमध्ये फ्रँकी बेकर या तरुणीनं आपल्या प्रियकरावर, ॲलन ब्रिटवर, गोळी झाडली. स्वसंरक्षण म्हणून कोर्टानं तिला सोडलं. गाण्यानं मात्र सोडलं नाही. फसवणाऱ्या प्रियकराला मारणारी बाई म्हणून ती अमेरिकाभर गायली गेली. तिनं सिनेमावाल्यांवर दावेही लावले आणि हरली. हर्टचं दुसरं प्रसिद्ध कथागीत ‘स्टॅक ओ’ली’, तेही सेंट लुइसचंच. 1895 च्या नाताळच्या रात्री एका दारूच्या गुत्त्यात ली शेल्टननं बिली लायन्सला टोपीवरून झालेल्या भांडणात मारलं, त्याची ही गोष्ट. म्हणजे मिसिसिपीतल्या टेकडीवरचा शेतकरी कधी न पाहिलेल्या शहरातल्या तीसेक वर्षांपूर्वीच्या खुनांच्या हकिगती गात होता. सेंट लुइसहून ॲव्हलॉनपर्यंत त्या रेल्वेनं, मजुरांच्या तोंडून आल्या. हर्टनं स्वतः काही महिने रेल्वेरुळांवर काम केलं होतं, आणि जॉन हेन्री या घणवाल्यावरचं ‘स्पाइक ड्रायव्हर ब्लूज’ तो तिथल्याच एका मजुराकडून शिकला.

रॉकवेलनं त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याला न्यूयॉर्कला बोलावलं. 21 आणि 28 डिसेंबरला दोन बैठकी झाल्या. मधला आठवडा नाताळचा, आणि हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा इतक्या दूर, एकटा. लॉनी जॉन्सन हा तेव्हाचा गाजलेला गिटारवादक तिथं भेटला, एवढाच दिलासा. न्यूयॉर्कच्या त्या मुक्कामातच बहुधा त्याला ते गाणं सुचलं ज्यानं पुढं त्याचं नशीब फिरवलं: ‘ॲव्हलॉन ब्लूज’. न्यूयॉर्क चांगलं असेल, पण ॲव्हलॉन माझं गाव, जीव तिथं लागलाय, इतकाच त्याचा आशय. 21 तारखेलाच ते मुद्रित झालं. दोन्ही शहरांतलं धरून त्या वर्षातली 13 गाणी आज ऐकायला मिळतात. माझ्या मते अमेरिकन लोकसंगीतात इतक्या थोड्या वेळात इतकं निर्दोष काम क्वचितच कुणी केलं असेल.

आणि मग काही नाही. 1929 च्या ऑक्टोबरमध्ये शेअर बाजार कोसळला, महामंदी आली, आणि रेकॉर्डचा धंदा तर जवळजवळ बुडालाच: 1927 मध्ये अमेरिकेत वर्षाला सुमारे 10 कोटी तबकड्या खपत, 1932 मध्ये तो आकडा 60 लाखांच्या आसपास आला. ज्या कंपन्या टिकल्या त्यांनी खेड्यापाड्यांतले गवई शोधायला माणसं पाठवणं थांबवलं. हर्ट परत आला तो कायमचा. बायको जेसी, मुलं, दुसऱ्याच्या जमिनीवर अर्धेलीनं शेती, कधी गुरं राखणं, आणि शनिवारी गिटार.

कारकीर्द संपली ती इथं, असं लिहायची रीत आहे. मला ते पटत नाही. हर्टला आपली कारकीर्द संपली असं वाटल्याची कुठलीच खूण दिसत नाही, कारण तो धंदा म्हणून गातच नव्हता. 1928 च्या आधी वीसेक वर्षं तो ज्यांच्यासाठी वाजवत होता त्यांच्यासाठीच नंतरही वाजवत राहिला. नाचणारा समोर असला की ठेका डळमळून चालत नाही. तो अढळ अंगठा अशा शेकडो रात्रींत घडलेला आहे, स्टुडिओत नाही. स्टुडिओनं त्याच्या आयुष्यातले तीन दिवस पकडले, इतकंच. फक्त गाणी त्यानंतर बदलली नाहीत, हे मात्र खरं, आणि तेच पुढं उपयोगी पडलं.

1952 मध्ये हॅरी स्मिथ या विक्षिप्त संग्राहकानं मिनिटाला 78 फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांतून 84 गाणी निवडून फोकवेज कंपनीतर्फे सहा लाँग-प्ले रेकॉर्डींचा एक संच काढला, ‘अँथॉलॉजी ऑफ अमेरिकन फोक म्युझिक’. त्यात हर्टची ‘फ्रँकी’ आणि ‘स्पाइक ड्रायव्हर ब्लूज’ ही दोन गाणी होती. (ज्या फ्रँकीवर हे गाणं, ती ओरेगनमध्ये त्याच वर्षी जानेवारीत वारली.) स्मिथनं मुद्दाम एक गोष्ट केली. कोणता गायक गोरा आणि कोणता काळा याचा पत्ताच त्यानं ऐकणाऱ्याला लागू दिला नाही. कंपन्यांनी 30 वर्षं जपलेली भिंत त्यानं एका संचात पाडली. हर्ट डोंगरातला गोरा गवई नाही हे कळायला लोकांना वर्षं लागली, असं स्मिथ नंतर मिश्किलपणे सांगे. 1928 मध्ये कंपनीनं लावलेली पाटी 1952 मध्ये अशी गळून पडली आणि लोकांनी लगेच तिच्या जागी दुसरी लावली. नार्मरबरोबर वाजवणाऱ्या हर्टला यात नवल वाटलं नसतं.

हा संच ऐकून वाढलेल्या मुलांनी पुढं जुन्या गवयांचा शोध घ्यायला सुरुवात केली. शहरी, गोरी, कॉलेजात जाणारी मुलं. त्यांच्या दृष्टीनं हे गवई म्हणजे इतिहास. बहुतेकांचा समज की हर्ट कधीच मेला असणार. वॉशिंग्टनचा संग्राहक डिक स्पॉट्सवुड आणि त्याचा मित्र टॉम हॉस्किन्स यांच्या हाती ‘ॲव्हलॉन ब्लूज’ची प्रत लागली. गाण्यात तर गावाचं नावच होतं! तेव्हाच्या नकाशांत मात्र मिसिसिपीत ॲव्हलॉन सापडेना. 1878 च्या एका जुन्या ॲटलासमध्ये ते दिसलं, ग्रीनवुड आणि ग्रेनाडाच्या मधे. 1963 च्या मार्चमध्ये हॉस्किन्स गाडी घेऊन निघाला, ॲव्हलॉनच्या दुकानात थांबला आणि विचारलं. दुकानाबाहेरच्या माणसांनी सांगितलं: हा रस्ता धरा, चढावर तिसरी टपालपेटी. इतकं सोपं होतं ते. 35 वर्षं ज्याला बेपत्ता म्हणत होते त्याचा पत्ता त्याच्याच गाण्यात होता आणि गावातल्या कुणालाही ठाऊक होता.

इथं एक पार्श्वभूमी विसरली जाते. तो मार्च महिना मिसिसिपीत साधा नव्हता. आधीच्या ऑक्टोबरमध्ये नाव घातलेला जेम्स मेरेडिथ हा पहिला काळा विद्यार्थी राज्याच्या विद्यापीठात शिरताना दंगल होऊन दोन माणसं मेली होती. ॲव्हलॉनपासून वीसेक किलोमीटरवरच्या ग्रीनवुडमध्ये काळ्यांची मतदार नोंदणी चालू होती, आणि 28 फेब्रुवारीला तिथल्याच एका कार्यकर्त्यावर, जिमी ट्रॅव्हिसवर, धावत्या गाडीत गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. जूनमध्ये जॅक्सनला मेडगर एव्हर्सचा त्याच्या दारात खून व्हायचा होता. अशा वेळी उत्तरेकडून आलेला एक अनोळखी गोरा तरुण काळ्या म्हाताऱ्याच्या दारात उभा राहतो आणि नाव विचारतो. हर्टला वाटलं, हा पोलीस, नाहीतर एफबीआयचा माणूस. आपण तर काही वावगं केलेलं नाही, चुकीच्या माणसाकडे आलात, असं त्याच्या मनात आलं. हॉस्किन्सनं गिटार पुढं केली. हर्टजवळ तेव्हा स्वतःची नव्हती. बोटं थोडी अडखळली, पण अंगठा ओळखीचाच निघाला. वॉशिंग्टनला चला, असं हॉस्किन्स म्हणाला तेव्हा हर्टनं हो म्हटलं. का? नाही म्हटलं तरी हा मला घेऊनच जाणार असं वाटलं, म्हणून, असं त्यानंच नंतर सांगितलं. ही हकीगत पुष्कळदा गमतीदार किस्सा म्हणून सांगतात. सत्तरीच्या काळ्या माणसाला गोऱ्या पाहुण्याला नकार देणं शक्यच वाटू नये, यात मला तरी गंमत दिसत नाही.

पुढचं मात्र खरोखर चांगलं झालं. जुलैमध्ये तो न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात हजारो लोकांपुढं खुर्चीवर बसून गायला. त्याच महिन्यात लायब्ररी ऑफ काँग्रेसनं त्याची डझनावारी गाणी संग्रहासाठी मुद्रित केली. कुटुंबाला घेऊन तो वॉशिंग्टनला राहायला आला आणि तिथल्या ‘ओंटारिओ प्लेस’ या कॉफीहाउसमध्ये नियमित गाऊ लागला. वर्तमानपत्रं, मासिकं, कॉलेजं, टीव्हीवरचा जॉनी कार्सनचा कार्यक्रम. न्यूपोर्टच्या संस्थेनं त्याला हवी ती गिटार निवडायला सांगितलं. न्यूयॉर्कच्या दुकानात महागड्या गिटारी सोडून त्यानं साधी गिल्ड एफ-30 उचलली. व्हॅनगार्ड कंपनीनं ‘टुडे!’ ही तबकडी 1966 मध्ये काढली. यातली काही गाणी 1928 चीच, पण आवाज आणखी मऊ झालेला, लय सैल, आणि मधेमधे बोलणं. ‘कॉफी ब्लूज’मध्ये तो मॅक्सवेल हाउस कॉफीवरून जी थट्टा करतो, तिच्यातल्या दोन शब्दांवरून ‘लव्हिन स्पूनफुल’ या रॉक बँडनं आपलं नाव घेतलं.

समोरचे श्रोते मात्र जवळजवळ सगळे गोरे विद्यार्थी होते. त्या वर्षांत काळी तरुण मंडळी जेम्स ब्राउन आणि मोटाउनच्या रेकॉर्डींवर नाचत होती. गिटार घेऊन बसलेला म्हातारा त्यांना आजोबांच्या काळातल्या मिसिसिपीची आठवण करून देई, आणि ती आठवण त्यांना नको होती. दुसऱ्या बाजूला, गोऱ्या मुलांना हर्टमध्ये आपल्या स्वप्नातला सालस आजोबा दिसत होता. तो सालस होता यात शंका नाही. ज्यांनी त्याला पाहिलं ते सगळे तेच सांगतात. पण त्याच्या गाण्यांत बंदुका आहेत, दगाबाजी आहे, आणि ‘कँडी मॅन’सारखी उघड चावट गाणीही आहेत, ती तो तितक्याच सालस चेहऱ्यानं गातो. हे ध्यानात न घेता ऐकलं तर निम्मा हर्ट हातचा जातो.

पैशाचं म्हणाल तर तो गुरं राखून मिळायचा त्याच्या कितीतरी पट जास्त मिळू लागला. पण शोधणाऱ्यांनी स्थापन केलेल्या कंपनीशी झालेल्या करारात कमाईचा मोठा हिस्सा त्यांच्याकडे जाई, आणि रेकॉर्डींच्या हक्कांवरून त्याच्या मृत्यूनंतर वर्षानुवर्षं कोर्टकज्जे चालले. ज्यांनी त्याच्यावर प्रेम केलं त्यांनीच करारही लिहिले. ब्लूजच्या इतिहासात हे दोन्ही एकाच माणसाच्या हातून होणं विरळा नाही.

हर्ट सापडला म्हणून दुसरे शोधले गेले. जॉन फेही आणि एड डेन्सन यांनी बुका व्हाइटच्या गाण्यातलं ॲबरडीन हे गाव धरून, पत्त्यावर ‘जुना ब्लूज गायक’ असं लिहून पत्र टाकलं आणि ते पोचलं. 1964 च्या जूनमध्ये स्किप जेम्स ट्युनिकाच्या इस्पितळात सापडला आणि सन हाउस न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरला, जिथं तो गाणं सोडून कधीचा राहत होता. यांच्यापैकी कुणालाच हर्टइतकं सहज पुन्हा उभं राहता आलं नाही. सन हाउसला तर त्याचीच जुनी गाणी एका तरुण चाहत्यानं पुन्हा शिकवावी लागली. दारू, आजार आणि मध्येच तुटलेला रियाझ. हर्टला मात्र जुळवून घ्यावं लागलं ते रंगमंचाशी, गाण्याशी नाही.

वॉशिंग्टन त्याला मानवलं नाही. 1966 मध्ये तो कुटुंबासह मिसिसिपीला परतला, या वेळी ग्रेनाडात. त्या वर्षीच न्यूयॉर्कला जाऊन त्यानं शेवटची गाणी मुद्रित केली आणि 2 नोव्हेंबर 1966 ला हृदयविकाराच्या झटक्यानं ग्रेनाडात वारला. ॲव्हलॉनजवळच्या रानातल्या दफनभूमीत त्याला पुरलं आहे. टॉम पॅक्स्टननं त्याच्यावर गाणं लिहिलं, जॉन फेहीनं गिटारवर शोकगीत रचलं. त्याच्या छोट्या लाकडी घराचं संग्रहालय झालं होतं. ते 2024 च्या फेब्रुवारीत आगीत जळालं.

ऐकायला कुठून सुरुवात करावी, असं विचाराल तर पुष्कळजण ‘टुडे!’ सुचवतील, आणि ती काही वाईट सुरुवात नाही. मी मात्र आधी 1928 ची ‘फ्रँकी’ ऐकायला सांगेन, आणि पहिल्या खेपेला शब्दांकडे अजिबात लक्ष देऊ नका म्हणेन. फक्त अंगठा मोजा. गाणं जेमतेम सव्वातीन मिनिटांचं आहे, कारण दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर त्याहून फारसं मावत नसे. आपल्याकडच्या जुन्या नाट्यपदांच्या तबकड्या ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना ही घाई ओळखीची वाटेल. दुसऱ्या खेपेला बोटांची चाल ऐका. मग त्याच गाण्याचं साठच्या दशकातलं एखादं मुद्रण लावा. वेग किती उतरला आहे, आणि अंगठा किती थोडा बदलला आहे, ते लगेच कळेल. त्यानंतर स्किप जेम्सकडे वळायला हरकत नाही. त्याचा सूर मात्र अगदी वेगळा, थंड आणि एकाकी आहे, आणि स्वभावही तसाच होता. पुढचं प्रकरण त्याचं.